ग्लायडरच्या स्टिकवर स्वतः घडवलेली मूठ बसवायची आहे : नळी, ऊन आणि रेडिओचे बटण

सोनेगावकर :

नमस्कार.

आम्ही नागपूरचे चौघे जण मिळून एक जुने, जर्मन बनावटीचे, फायबरग्लासचे दोन आसनी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, सांभाळतो. आमचा उड्डाणांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि एप्रिलअखेर संपतो. मे महिन्यात ऊन आणि वावटळी यांच्यापुढे कोणाचे चालत नाही आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतते, म्हणून तेवढे महिने ग्लायडर ट्रेलरमध्ये झाकलेले असते. गेल्या एप्रिलमध्ये जे घडले त्यावरून हा प्रश्न विचारतो आहे.

पुढच्या आसनाच्या स्टिकवरची, म्हणजे नियंत्रणाच्या दांड्यावरची, रबरी मूठ मूळचीच आहे. तिचे रबर आधी कडक झाले, मग त्याला चिरा पडल्या आणि गेल्या दोन उन्हाळ्यांत ते इतके चिकट झाले की उतरल्यावर तळहात काळा व्हावा. त्या दिवशी एका थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, डावीकडे वळत चढत असताना ती मूठ माझ्या हातात नळीभोवती फिरली. फार नाही, मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढीच. स्टिक होती तिथेच होती, पण हाताला मात्र ती उजवीकडे गेल्यासारखी वाटली आणि मी नकळत उलट दाब दिला. उंची भरपूर होती, मागच्या आसनावर अनुभवी सहकारी होते, त्यामुळे गोष्ट तेवढ्यावर मिटली. विंचवर, म्हणजे यंत्राने दोर ओढून ग्लायडर हवेत चढवताना, नाक वर असताना, असे झाले असते तर काय, हा विचार मात्र अजून पाठ सोडत नाही.

आता नवी मूठ करायचे ठरवले आहे. नळीच्या मापाच्या एका तुकड्याभोवती शाडूच्या मातीचा गोळा लावून तो मी हातात घट्ट दाबला, बोटांचे ठसे उमटलेला तो गोळा सावलीत वाळवला आणि हिंगणा एमआयडीसीत काम करणाऱ्या एका मित्राने त्याचे स्कॅन करून थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकची नमुना-मूठ काढून दिली. ती हातात अशी बसते की सोडवत नाही. वरच्या टोकाला अंगठ्याखाली रेडिओच्या बटणासाठी जागा ठेवली आहे, कारण सध्या आमचे बटण खांद्याच्या पट्ट्याला वेल्क्रोने लावलेले असते आणि ऐन लँडिंगच्या वेळी ते शोधावे लागते.

नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने २० मिलिमीटर भरतो, वरचे टोक उघडे आहे. स्टिकवर दुसरे काहीही नाही, चाकाचा ब्रेक एअरब्रेकच्या (उतरताना पंखातून वर काढायच्या पट्ट्यांच्या) दांड्यावर आहे. मूठ नळीवर इपॉक्सीने चिकटवावी, ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) आवळावी की आरपार भोक पाडून बोल्ट घालावा, हे मला कळत नाही. प्लास्टिक हेच ठेवावे का आणि बटणाची तार कुठून न्यावी, याबद्दलही अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. एवढ्याशा मुठीसाठी कागदपत्रांची गरज असते का, हेही कृपया सांगावे.

पाना_आणि_नोंदवही :

मुठीचे नंतर पाहू. मूठ हातात फिरली त्या दिवशी तो दोष नोंदवहीत लिहिला होता का, एवढे आधी सांगा. आपल्या मजकुरात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो. नियंत्रण यंत्रणेतील वैगुण्य उड्डाणात लक्षात आले, तर ते लिहिले जाणे आणि परवानाधारक अभियंत्याने ते दूर केल्याची सही होणे, या दोन गोष्टींपूर्वी पुढचे उड्डाण होता कामा नये. लिहिले नसेल तर आज लिहा. मी विमान देखभालीत बरीच वर्षे काढली आहेत. ‘तेवढ्यावर मिटले’ असे ज्या दोषांबद्दल सांगितले जाते, तेच पुढच्या हंगामात पुन्हा भेटतात.

कागदांबद्दल म्हणाल, तर गरज आहे. ग्लायडर ज्या रचनेला मान्यता मिळाली त्याच रचनेत उडते आणि त्या रचनेतील कोणताही बदल सीएआर-२१ या नागरी विमान-नियमानुसार किरकोळ किंवा मोठा या दोहोंपैकी एका वर्गात मोडतो. आपला बदल किरकोळ ठरण्याची शक्यता बरीच आहे, परंतु ते ठरवणे आपल्या किंवा माझ्या हातात नाही. मूठ मुख्य नियंत्रणावर बसते, म्हणून ‘ही तर गाडीच्या गिअरला लावायच्या मुठीसारखी वस्तू’ हा युक्तिवाद चालणार नाही. पहिले पत्र उत्पादकाला लिहावे. त्यांच्याकडे बटणासह तयार मूठ मिळते का, अशा बदलासाठी त्यांची तांत्रिक सूचना आहे का, हे विचारावे. असेल तर आपले निम्मे काम तिथेच संपते आणि खर्चही बहुधा कमीच येतो. त्यांचे उत्तर हाती आले की आपल्या देखभाल संस्थेमार्फत डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, जावे. ‘आधी बसवू, मग विचारू’ हा मार्ग विम्याच्या दृष्टीनेही महाग पडतो.

आता बसवण्याकडे येतो. नळीला भोक पाडू नका. मुठीच्या वरच्या टोकाजवळ, म्हणजे हाताच्याही वर, नळीला वाकवणारा ताण नगण्य असतो, हा प्रतिवाद मला माहीत आहे आणि तो चुकीचा नाही. तरीही भोकाच्या कडेला ताण एकवटतो, तिथला रंग निघून गंज धरतो आणि ड्रिलचा कीस नळीतून खाली उतरून स्टिकच्या बेअरिंगपाशी जाऊन बसतो. शिवाय चिकटवलेली किंवा आवळलेली मूठ काढता येते, पाडलेले भोक मात्र परत बुजवता येत नाही.

इपॉक्सीने चिकटवलेली मूठ उत्तम बसते, यात वाद नाही. ती काढताना मात्र नळी तापवावी लागते किंवा मूठ कापावी लागते आणि दरम्यानच्या काळात आतल्या नळीचे काय झाले ते कोणालाही दिसत नाही. टोकदार ग्रब स्क्रू नळीला ओरखडा पाडतात आणि तो ओरखडा पुढे चिरेचे मूळ ठरू शकतो. प्लास्टिकमध्ये आटे पाडून स्क्रू आवळले तर प्लास्टिक दाबाखाली हळूहळू दबते, आवळ सैल होतो आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो. मी असतो तर लेथवर ॲल्युमिनियमची एक बाही करून घेतली असती : नळीवर सरकून बसणारी, खालच्या भागात उभी चीर दिलेली, आणि त्या चिरेवर धातूतच आटे असलेले दोन आवळ-स्क्रू. मुठीचा बाहेरचा आकार या बाहीवर पक्का करावा. स्क्रूंना मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावावा आणि शेवटी मूठ व नळी यांच्या सांध्यावरून लाल रंगाची एक बारीक, सरळ उभी रेघ ओढावी. मूठ केसभर जरी फिरली तरी रेघ तुटलेली दिसते. रोजच्या तपासणीत ती पाहायला दोन सेकंद लागतात.

जोराचे म्हणाल, तर युरोपातील ग्लायडरांच्या सीएस-२२ या मानकात वैमानिकाच्या हाताचा जोर एलिव्हेटरसाठी (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीसाठी) ३५० न्यूटन आणि एलेरॉनसाठी (ग्लायडर कडेला झुकवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्यांसाठी) २०० न्यूटन धरलेला आहे. ढोबळमानाने ३५ आणि २० किलो. त्यावर दीडपट सुरक्षा-गुणक. आपली मूठ एवढे सोसते का, हे ग्लायडरवर नव्हे, तर शिकंज्यात धरलेल्या नळीच्या तुकड्यावर तपासून पाहा. प्रत्यक्ष स्टिकला तोलायचा काटा लावून ओढणाऱ्या एका उत्साही गृहस्थांना मी एकदा वेळीच थांबवले होते.

शिसवी :

मी विमानक्षेत्रातला नाही. माझे खराद आणि थ्रीडी छपाई असे दोन्ही धंदे आहेत, त्यामुळे साहित्यापुरतेच लिहितो.

पीएलए नको. हे प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी सावलीतला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि आपली मूठ सावलीत नसून पारदर्शक कॅनपीखाली, म्हणजे कॉकपिटच्या झाकणाखाली, असणार आहे. (२०२४ च्या मेअखेरीस आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि नंतर संवेदकच बिघडलेला निघाला, ती गोष्ट वेगळी. पण ‘असेलही’ असे म्हणणारे नागपूरकर त्या दिवशी कमी नव्हते.) माझा स्वतःचा अनुभव सांगतो. हौसेने पीएलएमध्ये छापलेला एक गणपती मी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला होता. सीताबर्डीत दुपारी दोन तास गाडी उन्हात उभी राहिली आणि परत आलो तेव्हा सोंड पोटाला चिकटली होती, देव अर्ध्या नमस्कारात वाकले होते. ग्लायडरच्या स्टिकवर हा चमत्कार नको.

पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत तग धरते, एबीएस आणि एएसए १०० च्या आसपास. त्यातही एएसए उन्हातल्या अतिनील किरणांना एबीएसपेक्षा चांगले तोंड देते, म्हणून प्लास्टिकच हवे असेल तर तेच निवडावे. मात्र छापताना वस्तू कशी ठेवली यावर तिची ताकद ठरते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. मूठ उभी छापली की तिचे थर भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक बसतात. वरून दाबले तर चवड हलत नाही, पण बाजूने जोर आला की दोन भाकरींच्या मध्येच ती सुटते. स्टिकवर नेमका बाजूनेच जोर येतो. मूठ आडवी छापा. पृष्ठभाग खरबरीत येईल, तो घासून घ्या.

मला विचाराल तर लाकूड घ्या. शिसव खरादावर सुंदर उतरते, साग हलका पडतो आणि आलापल्लीकडच्या सागाचे जुने तुकडे इथे फर्निचरवाल्यांकडे सहज मिळतात. लाकूड उन्हात तापले तरी हाताला चटका धातूइतका देत नाही. एकच काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड आक्रसते आणि ऑगस्टमध्ये फुगते, तेव्हा आतले छिद्र आणि दोन्ही टोके न विसरता तेल किंवा पॉलिशने बंद करावीत, नाहीतर बाहेरून गुळगुळीत असलेली मूठ बाहीवर सैल पडेल. आधीच्या सदस्यांनी सांगितलेली धातूची बाही मला पूर्ण पटते. लाकडावर घामाने हात घसरत असेल तर बारीक सुती दोरी घट्ट गुंडाळून घ्या. मळली की बदलता येते.

मागचे_आसन :

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले. नळी, बाही आणि प्लास्टिक यांबद्दल मला भर घालायची नाही. मला आक्षेप आहे तो शाडूच्या गोळ्यावर.

मी पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात शिकले. त्या काळी आमच्या वाट्याला रोहिणी येत असे. १९६१ साली प्रथम उडालेले हे भारतीय बनावटीचे दोन आसनी लाकडी ग्लायडर, ज्यात गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी बसतात. शेजारी बसण्याचा एक मोठा फायदा असा की शिकवणाऱ्याला शिष्याची बोटे दिसत. नखे पांढरी पडलेली दिसली की माझे प्रशिक्षक काहीही न बोलता पेन्सिलीने बोटांवर टिचकी मारत. पुढे मागच्या आसनावरून शिकवताना मला ती बोटे दिसेनाशी झाली, तरी स्टिकमधून त्यांचा ताण कळतो. घट्ट धरणाऱ्याला हवा काय सांगते आहे ते कळत नाही. थर्मलच्या कडेला पंख जो हलका उचलला जातो, तो अंगठा आणि दोन बोटांत धरलेल्या स्टिकलाच जाणवतो.

आपण माती ‘घट्ट दाबली’, असे स्वतःच लिहिले आहे. म्हणजे आपण जी मूठ छापून घेतली आहे, ती घाबरलेल्या हाताची मूठ आहे. तिच्यातल्या खाचा बोटांना पुन्हा त्याच जागी, त्याच आवळीत नेऊन बसवणार. ‘सोडवत नाही’ हे आपण कौतुकाने म्हटले आहे, पण प्रशिक्षक म्हणून मला तोच तिचा दोष वाटतो. शिवाय ग्लायडर चौघांचे आहे. एकाच्या हाताच्या खाचा बाकीच्या तिघांच्या बोटांमध्ये टोचतील. बोटांच्या खाचा पूर्ण काढून टाका आणि साधी, किंचित लंबगोल, खाली थोडी निमुळती मूठ करा. लंबगोलाचा फायदा असा की न बघता हाताला दिशा कळते. तो लंब अक्ष नळीवर नेमका बसवावा लागेल, नाहीतर स्टिक मध्यावर असूनही हात तिरका राहील. एप्रिलमध्ये आपल्याला जो भास झाला, तो कायमचा बसवून घेण्यासारखे होईल ते.

उंचीकडेही लक्ष द्या. वरून बटणासाठी टोपी वाढवली की मूठ दोन-तीन सेंटिमीटर उंच होते. हात वर गेला की स्टिक हलकी लागते, पण तेवढ्याच नियंत्रणासाठी हात जास्त फिरवावा लागतो आणि पूर्ण मागे ओढताना ती पट्ट्याच्या बकलला किंवा पोटाला अडते. म्हणून तपासणी रिकाम्या कॉकपिटमध्ये करू नका. आपल्यापैकी सर्वांत धिप्पाड आणि सर्वांत बुटके, असे दोघे आळीपाळीने पॅराशूट घालून, पट्टे उड्डाणाइतके आवळून, कॅनपी बंद करून बसवा, आणि स्टिक चारही कोपऱ्यांत थेट अटकावापर्यंत नेऊन पाहा. मांडी मध्ये येते का, टोपी पॅनेलच्या खालच्या कडेला घासते का, रडर (पायाने चालणारे शेपटीचे सुकाणू) पूर्ण दिलेला असताना गुडघा कुठे जातो, हे सगळे तेव्हाच कळते. बाहेर उभ्या असलेल्याने त्याच वेळी एलिव्हेटर आणि एलेरॉन खरोखरच शेवटपर्यंत गेले का, ते पाहावे. आतल्याला अटकाव लागला असे वाटते, प्रत्यक्षात मूठ त्याच्या पोटाला टेकलेली असते.

आणि रंग काळाच ठेवा. पिवळा दोर सोडण्याचा, निळा एअरब्रेकचा, हिरवा ट्रिमचा (स्टिकवरचा दाब हलका करण्याच्या सोयीचा), लाल कॅनपी फेकण्याचा. मागे एकाने हौसेने स्टिकच्या टोकावर पिवळी गोटी बसवली होती. विंचवर डावा हात ज्या रंगाच्या शोधात असतो, तो रंग दुसरीकडे कुठेही असू नये.

बिनतारी :

तारांपुरते थोडक्यात सांगतो. रेडिओचे बटण रेडिओला लागणारा प्रवाह वाहून नेत नाही, ते फक्त एक तार ऋण बाजूला जोडते आणि त्यावर रेडिओ प्रक्षेपण सुरू करतो. त्यामुळे जाड तार लागत नाही. अनेक बारीक धाग्यांची, टेफ्लॉनचे आवरण असलेली लवचीक तार घ्यावी. घरातल्या वायरिंगची एकसंध तांब्याची तार स्टिकच्या बुडाशी रोज वाकून काही महिन्यांत तुटते, आणि आवरणाच्या आत तुटते, म्हणून दिसतही नाही.

तार नळीच्या आतून खाली न्यावी. बाहेर येते त्या कडेवर रबरी वेढा हवा. तिथे तारेला एवढीच ढील ठेवा की स्टिक चारही टोकांना गेली तरी ती ताणली जाऊ नये, पण तिचा फास पुशरॉडभोवती (स्टिकची हालचाल पुढे नेणाऱ्या दांड्याभोवती) पडण्याइतकी ती लांबही नसावी. बुडाशी, हात पोहोचेल अशा जागी, कुलूप असलेला छोटा कनेक्टर बसवा, म्हणजे मूठ काढायची झाली की तार कापावी लागणार नाही.

बटण दाबून सोडले की परत उघडणारेच घ्यावे आणि ते पृष्ठभागापेक्षा किंचित आत बसवावे. दोन आसनांची दोन बटणे समांतर जोडलेली असतात, तेव्हा एक जरी अडकले तरी रेडिओ सतत प्रक्षेपण करत राहतो. वाहिनीवर इतर कोणालाच बोलता येत नाही आणि आपल्यालाही काही ऐकू येत नाही. आपल्याला फक्त वाहिनी शांत आहे असे वाटते. आपल्या इथे त्या वाहिनीवर प्रवासी विमानेही असतील, तर ती शांतता कोणालाच परवडणारी नाही. रेडिओवरचा प्रक्षेपणाचा दिवा पुढच्या आसनावरून दिसेल अशा ठिकाणी आहे का, ते आधी पाहा.

सोनेगावकर :

आपण सर्वांनी इतका वेळ दिला, त्याबद्दल आभारी आहे. दोन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात काही गोष्टी करून पाहिल्या.

प्रथम कबुली. नोंद केलेली नव्हती. आता केली आहे आणि ग्लायडर उड्डाणाबाहेर ठेवले आहे. उत्पादकाला पत्र गेले असून उत्तराची वाट पाहतो आहोत.

उन्हाची खातरजमा मी स्वतः केली. कॅनपी बंद करून ग्लायडर शेडच्या बाहेर ठेवले आणि पीएलएची नमुना-मूठ एका सळईवर आडवी टांगून आसनावर ठेवली. दुपारी अडीचला आसनावरच्या थर्मामीटरचा काटा ६६ अंशांवर होता आणि मूठ स्वतःच्याच वजनाने केळ्यासारखी वाकली होती. शिसवी भाऊंच्या गणपतीची आठवण झाली. आमच्यातल्या एकाने त्याच दिवशी मला कॅनपीवर आच्छादन न घातल्याबद्दलही दटावले. काच भिंगासारखे किरण एकवटते आणि आतले कापड जळू शकते, म्हणून पांढरे आच्छादन घातल्याशिवाय ग्लायडर सोडून जायचे नाही, असा नियमच केला आहे.

ॲल्युमिनियमची बाही एका लेथवाल्याकडून करून घेतली आणि तिच्यावर सागाची साधी लंबगोल मूठ बसवली. मागचे_आसन ताईंच्या शब्दांनी मी दुखावलो होतो, हे मान्य करतो. म्हणून या वेळी शाडूचा गोळा दोन बोटे आणि अंगठ्यात हलका धरला. उमटलेला आकार पहिल्यापेक्षा जवळजवळ बोटभर बारीक निघाला. त्यावर मला काही बोलायचे उरले नाही.

चाचणीसाठी नळीचा तुकडा शिकंज्यात धरला आणि कापसाचे गाठोडे तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवून ओढले. ३५ किलोला काहीच झाले नाही, ५२ किलोलाही मूठ हलली नाही. पण माझा मूळ त्रास ओढण्याचा नव्हता, फिरण्याचा होता, म्हणून मुठीला आडवी पट्टी बांधून २० सेंटिमीटर अंतरावर काटा लावला. पहिल्या खेपेस ९ किलोला लाल रेघ तुटली. चीर अरुंद पडल्यामुळे बाही पूर्ण आवळलीच जात नव्हती. चीर रुंद करून घेतल्यावर १५ किलोपर्यंत रेघ अखंड राहिली. काटा याहून पुढे नेला नाही.

कॉकपिटमधली तपासणी फक्त जुन्या मुठीवर नव्या उंचीची लाकडी टोपी बांधून केली, काहीही काढले नाही. आमच्यातले धिप्पाड सदस्य बसले तेव्हा पूर्ण मागे ओढताना टोपी बकलला टेकली आणि बाहेर उभ्या असलेल्या सहकाऱ्याने ओरडून सांगितले की एलिव्हेटर अजून दोन बोटे शिल्लक आहे. आतल्यांना ते कळलेच नव्हते. टोपी कमी करून बटण वरून काढून डाव्या बाजूला आणतो आहे.

एक शंका उरते. मागच्या आसनावरची मूठ मला बरी वाटते. तीही बदलावी का, की पुढचीच बदलून काम भागेल?

पाना_आणि_नोंदवही :

चाचणी नीट केली आहे. मापे, काट्याचे आकडे आणि छायाचित्रे परवानगीच्या अर्जाला जोडा. बाही कोणत्या मिश्रधातूची आहे ते लेथवाल्याकडून लेखी घ्या. मूठ आणि बाहीचे वजन जुन्या मुठीपेक्षा किती जास्त आहे तेही लिहा. स्टिकच्या टोकावरचे वजन लहान असले तरी ते एलिव्हेटरच्या यंत्रणेतच धरले जाते आणि उत्पादक ते विचारणारच.

जुनी मूठ अभियंत्यासमोर काढा आणि ती फेकू नका. तिला चिठ्ठी बांधून ठेवा आणि आतली बाजू पाहा. मूळ गोंद कुठपर्यंत लागलेला होता, ते तिथे दिसेल. मागच्या मुठीबद्दलचे आपले उत्तर बहुधा त्यातच आहे. आणि काहीही बसवले तरी, नियंत्रण यंत्रणेला हात लागला की दोन वेगवेगळ्या अधिकृत व्यक्तींची स्वतंत्र तपासणी आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय ग्लायडर ट्रेलरबाहेर काढू नका.

सोनेगावकर :

आज सकाळी अभियंत्यांसमोर मूठ काढली. हातानेच निघाली, सुरीसुद्धा लागली नाही. आतला गोंद फक्त खालच्या दोन बोटांपुरता होता आणि तोही पिवळा पडून भुकटी झालेला. वरची सगळी लांबी रबर नुसते नळीवर बसलेले होते.

त्यानंतर त्यांनी मला मागच्या आसनावर बसवले, मूठ दोन्ही हातांनी धरून पिळायला सांगितले आणि स्वतः नळीवर बोट ठेवून पाहत राहिले. मला काहीच जाणवले नाही. त्यांनी मात्र खिशातून खडू काढून सांध्यावर रेघ मारली आणि पुन्हा पिळायला सांगितले. रेघेचे दोन्ही तुकडे एकमेकांपासून गव्हाच्या दाण्याएवढे सरकले होते. अर्जात आता दोन मुठी लिहिल्या आहेत.